कर्जतकडचं पाचारण आणि ओली घोंगडी

त्या महिन्यात माझ्या टेबलावर आलेला हा तिसरा नकार. पहिल्या पाळकांनी लिहिलं होतं, मोशेप्रमाणे माझी जीभ जड आहे. दुसऱ्यांनी लिहिलं, यिर्मयाप्रमाणे मी अजून लेकरू आहे. सर्व्हिस बुकात त्यांचं वय बावन्न होतं. तिसरे रेव्हरंड शमुवेल. बायबलातला शमुवेल हाकेसरशी उठून धावला होता. आमचे शमुवेल समक्ष आले आणि म्हणाले, "आधी चिन्ह हवं."

मी नगरला ख्रिस्ती मंडळीच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. इतर खात्यांत बदली होते. आमच्याकडे पाचारण होतं, म्हणजे देवाची हाक. ती मी टाइप करायचो आणि चेअरमन सही करायचे. शहरातल्या बंगल्याचं पाचारण सगळ्यांना लगेच ऐकू यायचं. कर्जतकडच्या एका खेड्याचं मात्र कुणालाच ऐकू येईना. बहात्तरचा दुष्काळ, तिथली विहीर आटलेली. आणि आमचा नियम असा, की पाळक राहत असेल तिथेच मुलांसाठी दूध-सुकडीचं केंद्र उघडायचं.

त्या खेड्यातली सुंदराबाई खडी फोडायच्या कामावर खाडा करून आली होती.

"सायेब, पोरं माती खाया लागली. पाळक द्या, न्हाईतर दूध तरी द्या."

"बाई, नियम आहे."

"नियमाला लेकरं न्हाईत वाटतं."

रेव्हरंडांनी तिच्यादेखतच चिन्ह सांगितलं. गिदोनाने देवाची परीक्षा घेताना रात्री लोकर बाहेर ठेवली होती. तशी ते आपली घोंगडी ऑफिसच्या अंगणात टाकणार. सकाळी घोंगडी ओली आणि जमीन कोरडी निघाली, तर कर्जत. चेअरमननी गंभीरपणे मान डोलावली. त्या साली नगरात दव पडणं बंद झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सुंदराबाई रात्री ऑफिसच्या व्हरांड्यातच झोपली. सकाळी आम्ही आलो तर घोंगडी ओली. घट्ट पिळून नीट पसरलेली. जमीन ठणठणीत कोरडी.

"हे कुणी केलं?" रेव्हरंड ओरडले.

"पानी देवाचं, हात माजं," सुंदराबाई म्हणाली. "तुमच्याच टाकीतलं हाय."

"हे चिन्ह नव्हे! आणि गिदोनाने दुसऱ्यांदाही पाहिलं होतं. तेव्हा लोकर कोरडी आणि जमीन ओली!"

"मंग सडा टाकते की. त्यात काय?" तिने पदर खोचला आणि बादली उचलली.

चेअरमन घाईने म्हणाले, "रेव्हरंड, टाकी रिकामी होईल. जा आता."

रेव्हरंड दोन दिवसांनी ट्रंक घेऊन एसटीत बसले, देवाने नको तिथे धाडलेल्या योना संदेष्ट्यासारखे फुगून. केंद्र त्याच आठवड्यात उघडलं. पुढे ते प्रवचनात घोंगडीची साक्ष द्यायचे. तीत दव असायचं, सुंदराबाई नसायची.

त्या सकाळी सही झाल्यावर ऑर्डरची कॉपी मीच तिच्या हातात दिली होती. घेताना तिने विचारलं, "त्या पयल्या पाळकाची जीभ जड, तुमीच सांगितलं. तुमची तर चांगली चालती. मंग तुमी का न्हाई येत आमच्याकडं?"

मी म्हणालो, "मला पाचारण नाही, बाई."

ती कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत राहिली.

रिटायर होईपर्यंत मी ऑफिसात बादली ठेवू दिली नाही.