मनकर्णा आणि चेन खाणारी फटफटी

"चेन काहून तुटते म्हणून मले का इचारतं? ते एका अंगानं बसते ना तुह्या मांगं! सारं वजन एकीकडं. गिरिधर मिस्त्रीबी तेच म्हणे."

"आई, ते कामाले जाते. हवा खाले नाई जात."

"मंग घरी बस म्हणा. माग रिकामा पडला हाये."

मोरीत भांडी घासता घासता मनकर्णानं हे भांडण ऐकलं. सासू तुळसाबाई आवाज हळूच ठेवायच्या, पण सुनेच्या कानी पडेल इतपतच हळू. नवरा रुपराव यावर चपला घालून बाहेर निघून गेला, आणि मनकर्णाला झोंबलं ते तेच.

नागपुरातल्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यातलं हे घर. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात गोदामात होता आणि मनकर्णा तिथंच बाटल्यांना लेबलं लावी. कंपनीची बस यायची, पण पुरुषांनीच ठासून भरलेली. म्हणून ती नवऱ्याच्या जुन्या फटफटीवर मागं बसून जाई. उभ्या मोहल्ल्यात असं जाणारी ती एकटीच. लोक निमित्तच शोधत होते, ते त्या चेनीनं दिलं. एका वर्षात दुसऱ्यांदा ती हिंगण्याच्या रस्त्यावर तुटली, आणि दोघांनी गाडी ढकलत आणली. फटफटीवरून उतरायचं म्हणजे नोकरीवरूनही उतरायचं, हे मनकर्णाला लख्ख दिसत होतं.

रविवारी रुपरावनं चेनीवरचं झाकण काढलं, तशी ती हात पुसत शेजारी येऊन बसली. मागच्या दातेरी चक्राचे दात तिनं बोटानं चाचपले. बाहेरच्या अंगानं सगळे घासून आरशासारखे झालेले, आतल्या अंगानं तेलानं काळेकुट्ट.

तुळसाबाई वाकून बघतच होत्या. "पाह्य! म्या का म्हटलं होतं? एकच अंग घासलं!"

"आत्याबाई, मी गादीवर बसते. चेनीवर नाई बसत."

रुपरावला हसू आलं. आईनं पाहिलं, तसं त्यानं ते गिळलं.

मनकर्णा मात्र दातांकडेच बघत राहिली. ती मागावर वाढलेली पोर. विणलेलं कापड गुंडाळायचं लाकूड तिरपं बसलं, की लुगड्याचा एक काठ ताणून तुटतो आणि दुसरा झोळ खातो, हे तिला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक. कापडाला बोल लावून उपयोग नसतो, लाकूड सरळ करावं लागतं.

"अजी, हे चाक तिरपं बसलं हाये."

"चाक? मी तं दर रविवारी चेन कसतो."

"कसता. पन कोन्या अंगानं?"

रुपराव भिंतीकडं बघायला लागला. गल्ली इतकी चिंचोळी, की प्रत्येकाचं वाहन भिंतीला चिकटून उभं. चाक मागं ओढायचे नट दोन्ही अंगांना असतात. चेनीकडचा रस्त्याच्या बाजूला, तो रुपराव मन लावून पिळी. भिंतीकडचा सांदीत, तिथं हातच जात नसे.

"तिकडचा कसाच्या टाइमाले गाडी हालवा लागते," तो पुटपुटला.

"मंग हालवा नं जी. मले उतरवापरीस गाडी हालवनं सोपं हाये."

गाडी गल्लीच्या मधोमध आली. मनकर्णानं घरातून सूत आणलं, खळ दिलेलं, म्हणजे ताणलं तरी न वाढणारं. चाक ज्या दांड्यांमध्ये धरलेलं असतं, त्यांच्या पुढच्या खिळ्यापासून चाकाच्या मधल्या आसापर्यंत तिनं चेनीच्या अंगानं सूत धरलं आणि गाठ मारली. मग तेच सूत भिंतीच्या अंगानं धरलं. गाठ आसाच्याही मागं गेली. मध्ये ज्वारीचे दोन दाणे मावतील एवढं अंतर.

"दे इकडं," तुळसाबाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या गाठीवर त्यांनी जन्मात भरवसा ठेवला नव्हता. ती सोडून त्यांनी आपली मारली आणि दोन्हीकडून स्वतः मोजलं. दाणे दोनचे दोनच राहिले. मग त्या उठल्या, लुगडं झटकलं.

"तरीबी बाईनं असं बसू नये."

"बसीन आत्याबाई. याच अंगानं, आन् रोज बसीन."

गिरिधर मिस्त्री नुसती चेन टाकून द्यायला तयार होता. मनकर्णा अडून बसली. घासलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर तीही तशीच जाईल, पुढचं-मागचं दोन्ही चक्रं बदला.

"वैनी, तुम्ही का मिस्त्री हाव?"

"नाई गा भाऊ. चेन तुटली का पायी चालनारी हावो."

त्यानं दोन्ही बदलली.

सोमवारी दारादारांत बाया उभ्या होत्या. मनकर्णा डबा मांडीवर घेऊन त्याच अंगानं बसली, पदर खोचला आणि सगळ्यांकडं बघत बघत गेली.

तेव्हापासून दर रविवारी गाडी भिंतीपासून निघे, सूत दोन्ही अंगांनी लागे, मगच नट फिरत. चेन झिजायची तशी झिजली, पण वाटेत तुटली नाही, आणि दातही दोन्ही अंगांनी सारखे राहिले. तुळसाबाईंना एकदा कोराडीच्या देवीला जायचं होतं. बस चुकली, तेव्हा त्या मुकाट्यानं लेकाच्या मागं बसल्या. एकाच अंगानं. उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "गादी कडक हाये."

पुढं मनकर्णाच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरनं फटफटी बंद सांगितली. तिनं ऐकून घेतलं. ऐकायला तिची कधीच ना नव्हती. ती वारली त्या आठवड्यातला रविवार. इतवारीच्या बाजारातून मिरच्या आणायच्या होत्या. रुपराव म्हणाला, मी एकटा जातो, तू पडून राह्य. ती उठली, खुंटीवरचं सूत काढलं आणि ओट्यावर बसून टोक त्याच्या हाती दिलं. आधी चेनीच्या अंगानं, मग भिंतीच्या. गाठ दोन्हीकडं बरोबर आसावर आली. सूत परत खुंटीला गेलं. मनकर्णानं पिशवी घेतली आणि नेहमीच्याच अंगानं मागं बसली.

"चला जी," ती म्हणाली, "बाजार उठून राहिला."