दुसरं नाव

“एकच नाव पाठवलं, तर हेड ऑफिस म्हणेल, तुम्ही सगळं आधीच ठरवून टाकलंत,” लिम म्हणाला.

“ठरवलंच आहे की,” मी म्हणालो.

“हो. पण तसं दिसायला नको, लाह,” तो त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला.

लिम आमच्या आयटी कंपनीच्या सिंगापूर ऑफिसचा एमडी. मी एचआरचा प्रमुख. ऑफिस बुओना व्हिस्टाला होतं आणि कंपनीला आशियाचा नवा प्रमुख नेमायचा होता. सिडनी, टोकियो आणि सिंगापूर या तिन्ही ऑफिसांनी आधी आपापला एकेक उमेदवार निवडायचा, मग त्या तिघांतून हेड ऑफिस एक घेणार. पहिल्या फेरीला आम्ही नॉमिनेशन म्हणायचो. इच्छुकांनी टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या स्टाफच्या सभेत, एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि नंतर मॅनेजरांनी मतं द्यायची. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार आधी पक्षातच ठरतो, तसाच प्रकार.

आमचा उमेदवार नितीन. पुण्याचा, हुशार, बोलका. त्याच्यासमोर उभं राहायला कोणी तयार नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. बिनविरोध माणूस सुस्तावतो. त्याची तयारी होत नाही, त्याच्यातली खोट घरात कोणी दाखवत नाही आणि मग बाहेरचे दाखवतात. नितीनमध्ये खोट होती. एका बँकेची सिस्टीम त्यानं घाईनं सुरू करवली, ती कोसळली, आणि दोष टेस्टिंग टीमवर गेला.

“समोर कोणीतरी हवं,” मी लिमला म्हणालो. “जिंकणार नाही, पण मनापासून लढेल असं.”

“आहे कोणी?”

“आहे.”

हे नाव मी सुचवलं. लिमनं नाही, नितीननंही नाही.

अश्विनी त्या टेस्टिंग टीमची प्रमुख होती. तिचं नाव इथे बदललं आहे. तिनं वाचलं, तर ती ओळखेल. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, तीही मला श्रीकांत म्हणायची. घरी मात्र काका. टॅम्पिनीसच्या तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गणपतीच्या आरतीला मी आणि माझी बायको दरवर्षी जायचो. त्या वर्षी आरतीनंतर मी तिला किचनच्या दाराशी गाठलं. ऑफिसात विचारलं असतं, तर तिनं एचआरला उत्तर दिलं असतं. घरी ती काकाला उत्तर देणार होती. मला ते माहीत होतं.

“तू नॉमिनेशनला उभी राहा,” मी म्हणालो.

ती मोदकांचं ताट हातात धरून हसली. “काका, प्रसादात काही होतं का? नितीनसमोर मी?”

“का नाही? बँकेच्या प्रोजेक्टचं सत्य तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

“मॅनेजर त्यालाच मत देणार.”

“सगळे नाही. मी बोललोय लोकांशी.”

मी कोणाशीही बोललो नव्हतो.

तिचा नवरा प्रशांत बाजूलाच उभा होता. तो पुण्यातली नोकरी सोडून आला होता आणि डिपेन्डन्ट पासवर होता. म्हणजे अश्विनीचा एम्प्लॉयमेंट पास आहे तोवर सगळं घर सिंगापुरात. मुलीची सहावीची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी होती. तो म्हणाला, “काका, हरली तर त्रास नाही ना होणार? नितीन बॉस होईल तिचा.”

“मी आहे ना एचआरला,” मी म्हणालो.

टाउन हॉलच्या दोन दिवस आधी अश्विनीनं माझ्या घरी येऊन मला आपले प्रश्न दाखवले. “बघा ना, फार कडक होतंय का? मी जरा सौम्य करू?”

“उलट धार लाव,” मी सांगितलं.

तिनं लावली. भर सभेत तिनं विचारलं, “नितीन, टेस्टिंगचा रिपोर्ट लाल होता. तरी तू सिस्टीम सुरू का केलीस? आणि नंतर आमच्याकडे बोट का दाखवलंस?” नितीन अडखळला. क्लायंट, डेडलाइन, कम्युनिकेशन गॅप, असं काहीतरी बोलत राहिला. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. तरीही मतं नितीनलाच पडली. अश्विनीला तिच्या टीममधल्या तीन मॅनेजरांची तेवढी मिळाली.

दुसऱ्या दिवशी नितीन चिडून माझ्या केबिनमध्ये आला. “हिला कोणी उभं केलं?”

“बस,” मी म्हणालो. “हाच प्रश्न सिडनीवाला विचारणार. आता उत्तर लिहू.”

उत्तर मी लिहिलं. चूक माझी होती, मी टीमवर ढकलली, माझ्याच सहकारी स्त्रीनं मला सर्वांसमोर त्याचा जाब विचारला आणि तिचं बरोबर होतं. नितीननं ते पाठ केलं. शेवटच्या फेरीत सिडनीच्या उमेदवारानं बँकेचा विषय काढला, तेव्हा नितीन शांतपणे उभा राहिला आणि ते सगळं म्हणाला. हेड ऑफिसची मंडळी खूश झाली. एवढा मोकळा माणूस! ज्या ऑफिसात असा प्रश्न उघड विचारता येतो, ते ऑफिसही चांगलं. नितीन आशियाचा प्रमुख झाला.

चार महिन्यांनी रिस्ट्रक्चरिंग आलं. म्हणजे टीमची नव्यानं मांडणी, आणि त्या ओघात काही माणसं कमी. यादीत अश्विनीचं नाव होतं.

“हे नको,” मी नितीनला म्हणालो. इतकंच म्हणालो.

“काका, ती समोर बसली की मला तोच प्रश्न ऐकू येतो,” तो म्हणाला. दोघंच असलो की तोही मला काकाच म्हणायचा.

मी सही केली. पत्रही मीच दिलं. पास रद्द झाला की देश सोडायला साधारण महिना मिळतो. मुलीची परीक्षा पाच महिन्यांवर होती. अश्विनीनं पत्र वाचलं, घडी घातली आणि मराठीत विचारलं. ऑफिसात ती माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलली.

“काका, खरं सांगा. तुम्ही उभी राहा म्हणालात, तेव्हा मला संधी होती का?”

“होती,” मी म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे. मला तिच्या समोर बसवत नव्हतं म्हणून.

ऑफिसात पुढे बोलणं सुरू झालं की अश्विनीची महत्त्वाकांक्षा नडली, झेपत नव्हतं तर उभं कशाला राहायचं. हे माझ्यासमोर लंचला बोललं गेलं. मी जेवत राहिलो.

मी रिटायर होऊन पुण्याला आलो. मागच्या वर्षी एका लग्नात प्रशांत भेटला. वाकून नमस्कार केला त्यानं. अश्विनी कशी आहे, विचारलं. म्हणाला, “बरी आहे. नोकरी करते. पण वरच्या पोस्टसाठी अर्ज करत नाही. दोनदा बोलावणं आलं, नाही म्हणाली. म्हणते, काकांनी सोन्यासारखी संधी दिली होती, मीच कमी पडले.”

मला पंगतीला बसायला सांगून तो निघून गेला.

म्हणून हे लिहितो आहे. अश्विनी, संधी नव्हती. एक दिवसही नव्हती. तू कमी पडली नाहीस. तू ज्या कामासाठी उभी केली गेलीस, ते तू फार चांगलं केलंस, आणि ते काम काय होतं, हे लिमला आणि मला आधीपासून माहीत होतं, नितीनला नंतर कळलं, तुला मात्र कधीच नाही.

नॉमिनेशनच्या फॉर्मवर एक रकाना असायचा: एकाहून अधिक उमेदवार होते का? मी तिथे ‘हो’ लिहिलं. दुसरा उमेदवार कसा मिळवला, हे कोणताच फॉर्म विचारत नाही. एचआरमधल्या माणसानं ते स्वतःला विचारावं, आणि विचारायला निवृत्तीची वाट पाहू नये.