सरपंचबाईंचा धोंडी

आमच्या गावात त्या साली पाऊस मी अडवला होता. हे माझं म्हणणं नाही, गावाचं आहे. आणि आमच्या गावानं एकदा पारावर बसून काही ठरवलं, की ते खोडायला वेधशाळा आली तरी तिला चहा पाजून परत पाठवतात.

गाव परतूर तालुक्यातलं, आष्टीच्या बाजूचं. त्या वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि माझी बायको सुमन उभी राहिली. (उभी राहिली म्हणजे मी उभी केली, असं मी तेव्हा आष्टीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होतो.) खरी गोष्ट अशी, की आम्ही राहतो गावाबाहेरच्या वस्तीवर, आणि वस्ती ते गाव हा रस्ता निव्वळ काळ्या मातीचा. पाऊस पडला की माणूस पुढं जातो आणि चप्पल मागं राहते. वस्तीवरच्या पोरींची शाळा पावसाळाभर बुडते. आदल्या वर्षी सुमन दुधाच्या कॅनसकट त्या चिखलात पडली. तशीच माखलेली ती सरपंच दादारावांच्या दारात गेली आणि रस्त्याचं काय, म्हणून विचारलं. दादाराव खाटेवरून उठले पण नाहीत. म्हणाले, "पावसाळा सरू द्या वहिनी, मंग बघू."

सुमन तशीच माघारी आली. आरक्षण निघालं त्या दिवशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "त्यांनी तर काय बघितलं न्हाई. आता म्या बघते."

समोरून दादारावांनी आपल्या बायकोला उभं केलं. म्हणजे लढत दोन बायकांची आणि मिशांना पीळ दोन नवऱ्यांच्या!

चिन्ह आणायला तहसीलला मी गेलो. निघताना सुमननं बजावलं होतं, कपबशी मागा. घरोघर असते, बायकांच्या रोजच्या हातातली असते. मीही मान हलवली. पण पेरणी झाल्यापासून पावसानं ताण दिला होता, आणि नेमकी त्या दिवशी परतूरला एक जोराची सर आली. बघावं तिकडं छत्र्याच छत्र्या. मला वाटलं, आला पाऊस, आणि जनतेचा कल इथंच कळला. कपबशीत कसला आलाय रुबाब? मी छत्री घेऊन आलो. दादारावांनी घेतला पंखा.

ती सर परतूरच्या वेशीवरच संपली. गावात थेंब नाही. त्यानंतर तर आभाळ असं कोरडं पडलं, की ढग दिसला तरी लोक त्याला पाहुणा समजून 'कुठले हो तुम्ही' विचारतील. कापूस माना टाकून राह्यलेला, सोयाबीन पिवळं पडलेलं, अंगाची काहिली. अशा दिवसांत दादारावांची माणसं पंखा छापलेले पुठ्ठे वाटत फिरत होती आणि लोक त्यांनीच वारा घेत होते. आणि मी? मी भर उन्हात, चौकाचौकात, भलीमोठी छत्री उघडून उभा! बॅनरवरही मीच. माझा फोटो गॉगलसकट पुरुषभर उंच, आणि खाली कोपऱ्यात सुमन, आधार कार्डावर असते तेवढी. भाषण माझं. ते इतकं लांबायचं, की समोर सावलीला बसलेल्या म्हशीसुद्धा उठून उन्हात जायच्या. सुमन बाजूला हात जोडून उभी. तिला बोलायचं असायचं, पण मी थांबलो तर ना.

मग दादारावांनी पारावर पुडी सोडली: छत्री उघडली की पाऊस पळतो. ह्या बबननं छत्री घेतली त्या दिवसापासून थेंब न्हाई, बघा. झालं! ज्याचं सोयाबीन वाळत होतं त्याला कुणीतरी शिव्या द्यायला पाहिजेच होतं, आणि देवाला देण्यापेक्षा मला देणं सोयीचं. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत शिरलो की दारं लागायला लागली. एका म्हातारीनं तर मला दारातूनच हात जोडले, की बाबा, ती मिटव, माझी दुबार पेरणी करायची ऐपत न्हाई.

सुमन त्या रात्री जेवली नाही. मला वाटलं रागावली असेल, पण ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते. "माझा रस्ता तुम्ही छत्रीत गुंडाळला," म्हणाली.

सकाळी गावात बैठक बसली. पाऊस लांबला की आमच्याकडं धोंडी काढतात. एकाला अंगभर लिंबाचा पाला बांधायचा, घरोघर फिरवायचं, प्रत्येक घरातल्या बाईनं त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि पसाभर दाणे द्यायचे. मग त्या दाण्यांचा मारुतीच्या देवळात सगळ्यांनी मिळून भात खायचा. एरवी हे काम पोरंसोरं हौसेनं करतात. पण दादाराव उभे राहिले आणि मोठ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, की पाऊस ज्यानं पळवला त्यानंच तो परत आणावा. सगळ्या पारानं माना डोलावल्या.

मी म्हणालो, मी उमेदवाराचा नवरा आहे, माझी काही इज्जत आहे. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुमनचा आवाज आला, "होतील ते धोंडी. बांधा पाला."

माझी चुलती गयाकाकू म्हणजे गावातली सगळ्यात दांडगी बाई. तिनं स्वतः पाला बांधला. एवढा आवळून, की मला लग्नातला जामा आठवला. पाल्यात मुंगळे होते हे मला बांधून झाल्यावर कळलं. मी नाचत नाचतच निघालो, आणि लोकांना वाटलं, वा, काय मनापासून करतोय! त्यात दादारावांची शेळी मागं लागली. शेळीला लिंबाचा पाला म्हणजे पंचपक्वान्न. ती मागून पाला ओढते, मी पुढून सावरतो. एका हातात झोळी आणि दुसऱ्या हातात अब्रू धरून मी गावभर फिरलो.

तांब्याभर पाण्याचा रिवाज, पण माझ्या वेळी कळशा निघाल्या. टंचाईचं गाव ते, प्यायला पाणी टँकरनं यायचं, तरी माझ्यासाठी कुणी हात आखडता घेतला नाही. एकीनं तर म्हशीच्या पाण्याचं घमेलं रिकामं केलं.

आणि इथंच ती गोष्ट घडली, जी माझ्या डोक्यात शंभर वर्षांत आली नसती. आमच्याकडं निवडणूक लागली की गाव उभं फाटतं. ह्यांच्या गल्लीत त्यांनी जायचं नाही, त्यांच्या ह्यांनी नाही. पण धोंडीला दार बंद करता येत नाही! पाऊस रुसतो म्हणतात. मी पुढं नाचत, आणि माझ्यामागं पदर डोक्यावर घेऊन सुमन. ज्या घरांनी आमचं पत्रक चुलीत घातलं होतं, त्या घरांच्या उंबऱ्यावर ती उभी राहिली. बाई माझ्यावर पाणी ओतायची, हसून हसून भिंतीला टेकायची, आणि सुमन हळूच तिला रस्त्याचं सांगायची. ओट्यावर टेकून, पाण्याचं विचारून, लेकीबाळींचं विचारून. दादारावांच्या दारात तर त्यांच्या आईनंच कळशी उचलली. ओतली, आणि मला न्याहाळत म्हातारी म्हणाली, "सुमन, माझ्या पोराला म्या येकदा बी असं भिजवलं न्हाई. चुकलंच माझं."

संध्याकाळी मला हुडहुडी भरली आणि घसा असा बसला, की तोंडातून नुसती हवा. गोळ्या झाल्या, काढा झाला. आवाज काही येईना. दोन दिवसांवर शेवटची सभा! मी खुणा करून सुमनला म्हणालो, सभा रद्द करू. ती म्हणाली, "काहून? माझा घसा बराबर हाये."

त्या सभेत ती पहिल्यांदा बोलली. कॅनसकट कशी पडले, दादाराव खाटेवरून काय म्हणाले, कुणाची पोरगी कुठल्या इयत्तेत शाळा सोडून घरी बसली. बस. माझ्या भाषणात प्रास्ताविकसुद्धा झालं नसतं एवढ्या वेळात तिनं सभा संपवली. म्हशी उठल्या नाहीत. माणसंही नाहीत. मी स्टेजवर मफलर गुंडाळून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. (लोकांना वाटलं सर्दी.)

आणि मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, आभाळ फुटलं. काय तो पाऊस! माणसं पोरांसारखी अंगणात उभी राहून भिजली. मला तर दोघांनी उचलूनच घेतलं. पाऊस आणणारा म्हणून मी तासभर मिरवलो आणि मग एकदम मला आठवलं. रस्ता! वस्तीची सगळी मतं त्या चिखलापलीकडं होती. मीच आणलेल्या पावसानं माझ्याच बायकोची मतं अडवली होती.

त्या रात्री मी गावातच अडकलो. सकाळी मी मोटारसायकल काढली, की जल्दी जाऊन वस्तीवाल्यांना उठवतो. अर्ध्या वाटेत चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती भरली आणि गाडी उभ्याची उभी रुतली. उतरायला गेलो तर मीही रुतलो. आवाज नाही, ओरडता येईना. तेवढ्यात समोरून वस्ती येताना दिसली. बायका, म्हातारे, तिकडच्या सगळ्या आळीतले. लुगडी खोचलेली, चपला हातात, आणि सगळ्यांत पुढं गयाकाकू. तिनं मला दंडाला धरून मुळ्यासारखं उपटलं. म्हणाली, "बबन्या, मत टाकायला चाललो आम्ही. तू मधीच काय पेरून घेतलं सोताला?" आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गं. ह्या चिखलातून ही शेवटची बारी."

केंद्रावर दुसरंच नाटक. सगळं गाव छत्र्या घेऊन रांगेत, आणि दादारावांच्या माणसानं तक्रार केली, की हा तर उघड प्रचार आहे, छत्री चिन्ह आहे! केंद्रावरच्या अधिकारी मॅडम नियमाच्या पक्क्या. त्यांनी सगळ्यांच्या छत्र्या हद्दीबाहेर ठेवायला लावल्या, आणि सगळी रांग भिजायला लागली. दादारावांची माणसंसुद्धा. भिजलेला माणूस आधी विचारतो, हे कुणी केलं? उत्तर रांगेतून पाण्याआधी वाहत गेलं. शिवाय प्रत्येक मतदार आत शिरायच्या आधी शेवटचं काय बघत होता, तर शाळेच्या फाटकाबाहेर पडलेला छत्र्यांचा हा एवढा ढीग! एवढी जाहिरात मला शेत विकून करता आली नसती. आणि त्या गार वाऱ्यात पंख्याचं बटण कोण दाबणार?

परतूरला मोजणीत आधी पंखा पुढं होता. आमच्या वस्तीच्या वॉर्डाचं मशीन उघडलं आणि छत्री वर आली. निसटती का होईना, सुमन निवडून आली! गुलालात माखलेली ती मला शोधत आली, आणि मी हात पसरले. तिनं माझ्या गळ्याला मफलर नीट गुंडाळला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हे गप बसले म्हणून जिंकलो."

दिवाळीनंतर रस्ता झाला. खडी पडली, मुरूम पडला, रोलर फिरला. पहिल्या पावसात वस्तीवरच्या पोरी त्याच्यावरून सायकलींच्या घंट्या वाजवत शाळेत गेल्या. सुमन दुधाचा कॅन घेऊन कडेला उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, मुंगळे चावले ते बरंच झालं.

पण पुढच्या साली पुन्हा पावसानं ताण दिला. एका सकाळी दारात दादाराव. सोबत चार प्रतिष्ठित माणसं, एकाच्या हातात लिंबाच्या फांद्या, आणि मागं ती शेळी. मी मनाशी म्हटलं, आता सरपंचबाई आपली अब्रू राखतील. दादारावांनी वाकून नमस्कार घातला आणि म्हणाले, "वहिनी, सोयाबीन वाळून राह्यलं. भाऊ हायेत का घरी?"

सुमननं फायलीतून मान वर केली नाही. "हायेत की. घेऊन जा," म्हणाली. तिच्या पदाला पाच वर्षांची मुदत आहे. माझी निवड बिनविरोध झाली आहे, आणि मुदतीचं कुणी बोलायलाच तयार नाही.