कुर्स्कचे तीन तितर

हाउन्सलोच्या घरात जुना कोट काढला, तर खिशात कुर्स्क शहराचा बिल्ला सापडला. निळ्या पट्ट्यावर उडणारे तीन तितर. पंचवीस वर्षांपूर्वी रशियात मेडिकलला असताना हॉस्टेल सांभाळणाऱ्या नीनामावशींनी तो मला दिला होता.

"पूर्वी इथे तितर फार, म्हणून ते आमच्या शहराच्या बोधचिन्हावर आले," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलाला, अल्योशाला युद्धावर बोलावलंय. त्याचं हृदय कमकुवत आहे, असं तुझ्या प्रोफेसरांकडून लिहून आण ना."

"विचारते," मी म्हणाले. पण सीट जाईल या भीतीने विचारलंच नाही.

वसंतात त्याची शवपेटी आली. मावशींनी मला दोष दिला नाही, उलट जेवायला वाढलं. मला वाटलं, त्यांनी माफ केलं. आज माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, आणि आता कळतं, त्यांच्यात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.