‘नको’ फोल्डरमधली हळद

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगात येणं, करणी, उतारा... या सगळ्याची मला किळस येते. तेव्हा खाली लिहिलंय ते वाचून कृपा करून कुणी मला लिंबू-मिरची सुचवू नये.

१९९९ ची लग्नसराई. कर्जतला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं दुकान होतं. त्याला सगळे शेठ म्हणत. शेठनं हौसेनं मिक्सिंगसाठी कॉम्प्युटर घेतला, पण तो त्याला चालवता येईना. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून मला नोकरी लागली. शूटिंगची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, तुकडे पाडायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि फोल्डरमध्ये लावायचं – हळद, लग्न, पंगत. एक फोल्डर मी माझ्या सोयीसाठी केला होता, त्याचं नाव ‘नको’. हललेले शॉट, घास कोंबलेली तोंडं, कॅमेऱ्यापुढे नाचणारी टवाळ पोरं, सगळं त्यात टाकायचं आणि शेवटी उडवायचं.

ज्या लग्नाची ही गोष्ट, त्यातली नवरी होती सुनीता. वडील लहानपणीच गेलेले. आईनं ऊसतोडीला जाऊन तिला वाढवलं. हळदीला सवाष्णी पुढे आणि ही बाई मांडवाच्या खांबाला टेकून लांब उभी. सगळ्या पांगल्यावर ती हळूच आली, लेकीच्या गालाला एक बोट हळद लावली आणि परत खांबापाशी गेली. एवढासाच शॉट. माझ्या मते अख्ख्या कॅसेटमध्ये बघण्यासारखा तोच एक होता.

मिक्सिंग चालू असताना नवरदेवाचे मामा दुकानात आले. तोंडात गुटखा. माझ्या टेबलाखालच्या कागदाच्या टोपलीत पचकन थुंकले आणि लाळ पुसलेला तोच हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभे राहिले. मी पाठ न टेकता पुढे सरकून बसले. त्यांना सगळी हळद बघायची होती. तो शॉट आला तशी त्यांनी मान झटकली.

‘‘ही इधवा हळदीत नको,’’ ते म्हणाले. ‘‘लोकं कॅसेट बघत्यात. माज्यासमोर काडा.’’

मी म्हणाले, ती नवरीची आई आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेठला म्हणाले, या पोरीला कळत नसंल तर मी काढतो. गिऱ्हाईक जायला नको म्हणून शेठनं मान डोलावली. त्या तुकड्याला ‘विधवा’ असं नावसुद्धा मामांनीच द्यायला लावलं, म्हणजे चुकून राहायला नको. मग तो ‘नको’मध्ये टाकायला लावून, तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट माझ्या कीबोर्डवर दाबून त्यांनी तो स्वतः उडवला. रिसायकल बिनही रिकामी करून घेतली. ते गेल्यावर मी डेटॉलच्या बोळ्यानं कीबोर्ड पुसला, तरी वास जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हळद’ फोल्डर उघडला तर तुकडा तिथेच. म्हटलं, मशीननं गंडवलं असेल. पण त्याचं नाव ‘विधवा’ नव्हतं... ‘आई’ होतं. दुकानात कॉम्प्युटर फक्त मलाच चालवता यायचा, आणि मी ते नाव दिलेलं नव्हतं.

तुकडा चालवला. बाई खांबापासून आली, एक बोट हळद लावली – आणि परत गेलीच नाही. तिथेच बसली. लेकीचे दोन्ही गाल, कपाळ, हात, पाय... निवांत, एखादं लेकरू न्हाऊ घालावं तशी ती हळद लावत होती. हे मी कधीच उतरवून घेतलं नव्हतं. मूळ कॅसेट काढायला गेले तर तिच्यावर शेठनं आदल्याच दिवशी एक जावळाचा कार्यक्रम शूट केलेला.

मी शेठला बोलावलं. त्यानं पूर्ण बघितलं आणि स्टुलावर बसला. ‘‘बॅटरी संपत आल्ती,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं बोट लावलं, माघारी गेली आन् मी कॅमेरा बंद केला. ह्ये म्या काडलेलंच न्हाई.’’

मी स्पष्ट सांगितलं, मी हे उडवणार नाही, पाहिजे तर नोकरी सोडते. शेठनं तुकडा परत एकदा लावायला सांगितला. मग म्हणाला, राहू दे. त्या हळदीसकट आम्ही फायनल कॅसेट करून दिली. मामा कधीही भांडायला येतील म्हणून मी आठवडाभर तयारीत होते.

मामा आलेच नाहीत. आली सुनीता. कॅसेट पदराखाली घेऊन.

तिनं सांगितलं की सासरी सगळ्यांनी मिळून कॅसेट बघितली. हळद आली, आणि टीव्हीभर तिची आई. तिनं सासूकडे बघितलं. सासू टक लावून बघत होती, तिचे डोळे भरले होते. आणि सगळ्यात पुढे बसलेले मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘झ्याक. त्या बाईला काडली त्ये बरं झालं.’’

‘‘त्यास्नी दिसलीच न्हाई, ताई,’’ सुनीता म्हणाली. ‘‘आन् आईनं एकच बोट लावल्तं. बाकीचं कवा लावलं?’’

 नंतर मी मोठ्या शहरात एडिटिंग केलं, जाणकारांना विचारलं. उडवलेल्या फायली परत कशा येतात ते त्यांनी समजावलं. न काढलेलं शूटिंग कुठून आलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. मामांना ती दिसली नाही, याचं मात्र मला तेव्हाही नवल वाटलं नाही. त्यांना त्या बाईतली आई मांडवात तरी कुठे दिसली होती?