गोल विहिरीतले अण्णा

अण्णा कधी 'एक' म्हणत नसत. भालकीच्या बाजारात ते मापाडी होते, आणि ज्वारीचं पहिलं माप टाकताना 'एक'च्या जागी 'लाभ' म्हणायची मापाड्यांची रीतच आहे. पण अण्णा विहिरीत उडी टाकतानाही 'लाभ!' असंच ओरडत. मग भिंतीच्या कडेकडेनं प्रदक्षिणा सुरू. दुसऱ्या फेरीला 'दोन', तिसरीला 'तीन'. नाकात पाणी गेलं तरी मोजणी चुकायची नाही.

तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. पोट जरा सुटलेलं, मिशा पांढऱ्या झालेल्या. मी त्याच आडत दुकानात लिहिणारा, जेमतेम विशी ओलांडलेला. सकाळी विहिरीत आमची शर्यत लागे आणि रोज मी हरे. वर अण्णा ऐकवत, "जपून पव गड्या, तुजं लगीन व्हायचंय अजून."

त्यांना एकच वेड होतं. हैदराबादच्या मोठ्या तलावात दर वर्षी पोहण्याची शर्यत होई. निजामाच्या मुलखातले नामी पोहणारे तिथं येत. अण्णांना त्यांच्यात उतरायचं होतं. बाजार हसायचा.

"अण्णा, आता नातवंडं पवतील. तुमी काठावर बसा."

"कामून? पाण्याला पत्रिका दावावी लागती व्हय?"

आता सांगतो ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं कारंजा नदीच्या डोहावर गेलो होतो. अण्णा पलीकडच्या लिंबाच्या रोखानं निघाले आणि बाहेर आले ते उजवीकडं खूप लांब, म्हशी बसल्या होत्या तिथं. "वढ हाय पाण्याला," म्हणाले. उन्हाळ्यातल्या डोहाला कसली ओढ? मी आजोळी नदीत पोहायला शिकलेलो, मला तिथंच उमगलं. जन्मभर गोल विहिरीत पोहलेला माणूस मोकळ्या पाण्यातही प्रदक्षिणाच घालत होता. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मीही त्या शर्यतीत उतरणार होतो, आणि एकदा तरी मला त्यांच्या पुढं जायचं होतं.

हैदराबादला नावं लिहून घेणाऱ्या माणसानं अण्णांना वरखाली न्याहाळलं. "चच्चा, पोते को लाये क्या?" नातवाला घेऊन आलेत, असंच त्याला वाटलं.

"पोता हारे तो रोता, साब. इस वास्ते मैं आया," अण्णा म्हणाले. तोही हसला आणि त्यानं नाव घेतलं.

सुरुवातीला ते सगळ्यांच्या पुढं होते. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही म्हणाला असता, हा गडी जिंकतो. मग ते हळूहळू उजवीकडं वळत गेले. काठावर हशा पिकला. आम्ही पलीकडच्या पायऱ्यांना लागलो तेव्हा अण्णा लांब धोब्यांच्या दगडांपाशी उभे होते, कमरेएवढ्या पाण्यात, इकडंतिकडं बघत. मी तिसरा आलो. लोकांबरोबर मीही हसलो.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वय झालं रं माजं. पाण्याला बी कळलं."

त्यानंतर ते विहिरीवर यायचे बंद झाले. बाजारात माप टाकताना 'लाभ' म्हणत, पण शेजारच्या दुकानातही ऐकू जात नसे. असे किती तरी आठवडे गेले. शेवटी मला राहवेना. घरी गेलो तर अक्का, म्हणजे त्यांची बायको, दारातच म्हणाली, "बघ बाबा, तुज्याशी तरी बोलत्यात का. नुस्तं बसून ऱ्हायलेत."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. विहीर, वळण, डोह, सगळं.

"तुला कवा कळलं?"

"उन्हाळ्यातच, अण्णा."

आता थोबाडीत बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"म्हंजे, वय न्हाई म्हण की!" अण्णा ताडकन उठले. "शिव्या मागनं देतो तुला. आधी नदीला चल."

मग वर्षभर तेच चाललं. मी पलीकडच्या काठावर त्यांचा तांबडा रुमाल उंच धरून उभा राहायचो आणि ओरडायचो, "डावीकडं, अण्णा!" ते पाण्यातूनच खेकसायचे, "डावीकडंच यायलोय की! तू हालायलास!" आधी म्हशींपाशी निघत, मग बाभळीपाशी, आणि हिवाळा सरता सरता लिंबाखाली.

पुढच्या शर्यतीत मी उतरलो नाही. तलावाच्या पलीकडं रुमाल घेऊन उभा राहिलो. अण्णा आले. पाचवे आले, पण मागं राहिले ते सगळे माझ्या वयाचे. पायरीला हात टेकवून धापा टाकत त्यांनी पहिलं काय विचारावं?

"सरळ आलो का रं?"

"सुतात आलात, अण्णा."

त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "लाभ," म्हणाले. म्हणजे दोन, तीन अजून व्हायचे होते.

ते झालेही असते. पण मुलखात गडबड सुरू झाली आणि अण्णा लेकीकडं सोलापूरला गेले, ते तिकडचेच झाले. पन्नाशी उलटल्यावरही तिथल्या तळ्यात उतरतात, पोरांशी पैजा लावतात, असं कानावर यायचं. आता तेही येत नाही. अण्णा गेले. मागनं द्यायच्या शिव्या त्यांनी मला कधीच दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आता त्यांच्या त्या वयाचा झालोय. यंदा शर्यतीला नाव देणार म्हटल्यावर घरचे हसले. मी सकाळी डोहावर जातो. पलीकडं रुमाल धरायला कुणी नसतं. लिंबावर नजर ठेवतो आणि निघतो.