भासऱ्यांची जीप आणि मालवणची भरती

सौंसरहून निघालो तेव्हा भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) फाटकात उभे होते. जीप त्यांची. यांना म्हणाले, "आल्याबरोबर संत्र्याचा तोडा आहे. गाडीले काही झालं तर पेट्या डोक्यावर वाहशील काय?" मी मागच्या सीटवर पदर ओढून गप्प. सतरा वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे भासऱ्याशी बोलतच नाहीत. काही सांगायचंच झालं तर भिंतीकडे तोंड करून, "चहा झाला म्हणा!"

नागपूर सुटलं तसा पदर खांद्यावर आला आणि तोंडही सुटलं. तिसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरताना धाकट्या सुमीने दोनदा ओकून घेतलं. मालवणच्या अलीकडे मात्र ती सगळ्यात आधी किंचाळली, "आई, पाहाय!"

खाली काळे खडक, त्यांवर फुटणारा पांढरा फेस, वर लालभडक कडा. रस्ता कड्यावर चढे, खाडीशी उतरे, पुन्हा चढे. हे गाडी थांबवून बघतच राहिले. "बापा! याले पलीकडचा काठच नाही!"

दोन कड्यांच्या मध्ये रेती दिसली. मी म्हटलं, "गाडी खाली घ्या. आपल्या जाम नदीत नेतो तशी पाण्याजवळ लावू."

"दादाची गाडी आहे व!"

"दादा इथं पाहून राहिले काय?"

पोळ्या-ठेचा खाऊन आम्ही खडकांत शिंपले वेचत बसलो. आमच्या नदीचं पाणी दसऱ्यानंतर ओसरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओसरलेलंच. गेलेलं पाणी दुपारी परत येतं, हे आम्हाला कोण सांगणार?

"ओ वयनी! भरती इली (आली)! गाडी काढा!" एक म्हातारा कोळी ओरडत आला.

चाकं रेतीत रुतलेली, पाणी पार खालच्या लोखंडापर्यंत. यांचा चेहरा पांढराफटक. म्हाताऱ्याने हाका मारून दहा-बारा माणसं जमवली, दोर बांधले. मीही पदर खोचून मागून रेटा दिला. जीप खोकत खोकत वर आली. वाटेत खायला घरून आणलेली संत्र्यांची पेटीच मी त्यांच्यापुढे ठेवली. म्हाताऱ्याने एक फोड तोंडात टाकली. "गोड आसा हां!"

परतीच्या वाटेवर हे एकच घोकत होते, "नदीत फसली म्हणू. कोणी समुद्राचं नाव नाही काढायचं."

घरी पोचलो. भासरे गाडीखाली वाकले, पांढऱ्या डागावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "मीठ? हे कुठचं रे?"

हे पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. मला राहवेना. चूक माझी आणि बोलणी यांनी खायची? मी पुढे झाले.

"दादा, गाडी समुद्रात मीच लावायला लावली. यांचं काही नाही."

भासरे भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "केवढा असते म्हणा, समुद्र?"

मी भिंतीला नाही, त्यांनाच सांगितलं. चहा थंड होईपर्यंत सांगत होते.